कॅज्युअल्टीत न विचारता केलेले ‘मार्कर’, लाल स्टिकर आणि ‘पॉझिटिव्ह किट’चे पैसे

दादा, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६६ वर्षांचे, परसात पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, रात्री साडेदहाला कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथं रक्त काढलं पण काय तपासणार ते कुणी बोललं नाही, आणि सकाळी बिलात ‘व्हायरल मार्कर’ म्हणून तीन टेस्ट दिसल्या, एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची) आणि एचसीव्ही (हिपॅटायटिस सी ची). पहिल्या दोन निगेटिव्ह, एचसीव्ही रिॲक्टिव्ह. मग फाईलवर लाल स्टिकर लागला, ऑपरेशनच्या लिस्टमध्ये नाव शेवटी गेलं आणि ‘पॉझिटिव्ह किट’ म्हणून जादा पैसे मागितले. तुम्ही विचारताय की न विचारता एचआयव्ही तपासता येते का, ह्या रिॲक्टिव्हचा अर्थ काय, आणि घरात वडलांचं ताट-वाटी वेगळं करावं का, कारण आत्यानं ते कालपासून चालूच केलंय.

शेवटचं आधी. आत्याला आजच थांबवा. हिपॅटायटिस सी रक्तातनं रक्तात जातो, ताटातनं, तांब्यातनं, शिंकेतनं, मिठी मारून किंवा एका अंथरुणावर बसून जात नाही. नातवाला आजोबांच्या ताटातला घास खाऊ दे, काही होत नाही.

मी डॉक्टर नाही, सिस्टर आहे, २४ वर्षं झाली, त्यातली पहिली तेरा कॅज्युअल्टीत आणि आता इन्फेक्शन कंट्रोल बघते, म्हणजे कोण हात धुतं, कुणाला सुई टोचली, कुठल्या पिशवीत काय टाकलं ह्याच्या मागं दिवसभर फिरायचं आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण मार्करचा हा सगळा प्रकार मी रोज जवळनं बघते त्यामुळं मोकळेपणानं लिहिते.

तर कॅज्युअल्टीत काय होतं बघा. पेशंट आला, कॅन्युला लावली, त्याच हातानं दोन-तीन बल्ब रक्त भरून घेतलं, डॉक्टर म्हणतात “रुटीन पाठवा सिस्टर”, आणि त्या रुटीनमध्ये सीबीसी, शुगर, क्रिएटिनिनबरोबर मार्कर कधी येऊन बसले कुणालाच आठवत नाही. छापील फॉर्मवर आधीच टिक असते. नातेवाईकानं ॲडमिशनच्या कागदावर सही केलेली असते त्यात बारीक अक्षरात ‘आवश्यक त्या सर्व तपासण्या’ असं काहीतरी असतं, ती सही दाखवून सांगतात की संमती घेतलीय. रात्री साडेदहाला बाप कण्हतोय आणि पोरगं सही करतंय, ते काय वाचणार ओ.

कारण विचारलं तर सांगतात, पेशंटच्या भल्यासाठी. खरं सांगू का, बहुतेक ठिकाणी ते आमच्या भीतीपोटी असतं. स्टाफला वाटतं, आधी कळलं म्हणजे जपून वागता येईल. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, मी स्वतः त्यातनं गेलेय.

२००७ चा गळीत हंगाम होता. रात्री दोनच्या सुमारास ऊसतोडीचा एक गडी आणला, ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली पाय गेलेला, सगळीकडं रक्त, दोन सिस्टर आणि एक डॉक्टर. मी इंजेक्शन दिलं आणि सवयीनं सुईवर टोपण परत बसवायला गेले, ती ग्लोव्हमधनं थेट अंगठ्यात. टोपण परत बसवायचं नाही हे तेव्हा पुस्तकात होतं, वॉर्डात नव्हतं. गड्याला तासाभरात पुढं हलवलं, त्याच्याबरोबर मुकादम होता तो पण गेला, त्याचं रक्त तपासायचं राहून गेलं. मग मला २८ दिवस एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या. तेव्हाच्या गोळ्यांत झिडोव्हुडिन असायचं, त्यानं इतकं मळमळायचं की डब्यातली भाकरी बघवत नव्हती. सासूबाईंना सांगितलं ॲसिडिटी झालीय. दीड महिन्यानं टेस्ट, तीन महिन्यांनी, परत सहा महिन्यांनी, आणि प्रत्येक वेळी रिपोर्टचं पाकीट उघडायच्या आधी देवाला नारळ बोललेला. सगळे निगेटिव्ह आले. पण त्या सहा महिन्यांत नवऱ्याशी कशी वागत होते ते माझं मला माहीत. त्यामुळं स्टाफची भीती म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये.

पण तीच भीती घेऊन नीट विचार केला तर सगळ्यांचे मार्कर करून स्टाफ वाचत नाही, हे पण मला त्याच रात्रीनं शिकवलं. त्या गड्याचा रिपोर्ट समजा वीस मिनिटांत हातात आला असता तरी सुई पाचव्या मिनिटाला टोचलेली. कॅज्युअल्टीत रक्त आधी अंगावर येतं, रिपोर्ट नंतर येतो. आणि निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असं पण नाही, लागण नवी असेल तर साध्या कार्ड टेस्टमध्ये काही आठवडे, कधी कधी तीन महिन्यांपर्यंत काहीच दिसत नाही, त्यालाच विंडो पिरियड म्हणतात, आणि नेमकं त्याच दिवसांत रक्तात विषाणू भरपूर असतात. मी असे स्टाफ बघितलेत की फाईलवर निगेटिव्ह दिसलं की ग्लोव्हज काढून टाके घालायला बसतात. म्हणजे टेस्टनं त्यांना जपलं नाही, उलट बेफिकीर केलं.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला तीनाचा एक ढोबळ नियम शिकवतात. बाधित माणसाला टोचलेली सुई तुम्हाला टोचली तर एचआयव्ही लागायची शक्यता साधारण ०.३ टक्के, हिपॅटायटिस सी ची ३ टक्क्यांच्या आत, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी ची ३० टक्क्यांपर्यंत. आता गंमत बघा, ज्याला सगळे सगळ्यात जास्त घाबरतात तो ह्यात सगळ्यात मागं, आणि ज्याची चांगली लस आहे, ०, १ आणि ६ महिने अशा तीन डोसची, तो सगळ्यात पुढं. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर टिकतो. मी जिथं जिथं ट्रेनिंगला जाते तिथं पहिला प्रश्न विचारते, हिपॅटायटिस बी चे तिन्ही डोस किती जणांचे झालेत आणि नंतर टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते बघायची रक्ताची टेस्ट, किती जणांनी केलंय. वॉर्डबॉय, मावशी, लाँड्रीवाले, कचरा नेणारा पोरगा, ह्यांना सोडूनच बाकीचे हात वर होतात. पेशंटचे मार्कर करायला पैसे आहेत आणि मावशीच्या लसीला नाहीत, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

(सुई टोचली तर काय करायचं हे पण जाता जाता, कारण इथं नर्सिंगच्या पोरी वाचत असणार. साबण-पाण्यानं धुवायचं, बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, त्यावर स्पिरिट ओतायचं नाही. शिफ्ट संपायची वाट न बघता लगेच कळवायचं, एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या दोन तासांच्या आत चालू झाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. आताच्या गोळ्या दिवसाला एक, २८ दिवस, माझ्यासारखे हाल होत नाहीत. आणि ज्याची सुई टोचली त्या पेशंटला विनंती करून, विचारून टेस्ट करायची. नीट सांगितलं की लोक नाही म्हणत नाहीत, माझ्या इतक्या वर्षांत दोघं-तिघंच असतील नाही म्हणणारे.)

आता किट. हा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. पॉझिटिव्ह किट म्हणजे काय तर डिस्पोजेबल गाऊन, ड्रेप, जाड किंवा डबल ग्लोव्हज, गॉगल, शू कव्हर. ह्यातलं जे डॉक्टर-सिस्टरच्या संरक्षणाला लागतं ते प्रत्येक पेशंटला वापरायला पाहिजे, कारण निगेटिव्ह रिपोर्टवर भरवसा नाही हे वर सांगितलंच. ऑपरेशनची हत्यारं ऑटोक्लेव्हमधनं, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रातनं, निघाली की त्यावर कुठलाच विषाणू उरत नाही, तो काय पॉझिटिव्हवाल्याचा म्हणून जास्त चिवट असतो असं नाही. जमिनीवर सांडलेलं रक्त एक टक्का हायपोक्लोराइटनं पुसायचं, ते सगळ्यांचंच तसं पुसायचं. सुया पांढऱ्या डब्यात, रक्तानं माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या लाल पिशवीत, २०१६ च्या कचऱ्याच्या नियमांत पॉझिटिव्हवाल्यासाठी वेगळा रंग काही ठेवलेला नाही. त्यामुळं बिलात ‘किट’ अशी ओळ असेल तर शांतपणे, भांडण न करता, लेखी विचारा की ह्यात काय काय आहे आणि हे शेजारच्या पेशंटला वापरलं नाही का. बऱ्याच वेळा ह्या एका प्रश्नावर ती ओळ गायब होते.

ऑपरेशन शेवटी ढकलण्याबद्दल. साफसफाई नीट होते अशी खात्री असलेल्या थिएटरला पेशंटचा नंबर कितवा ह्यानं फरक पडत नाही. आणि खुब्याचं फ्रॅक्चर म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत झालेलं बरं, जितके दिवस पडून तितका न्यूमोनिया, बेडसोर आणि पायात गुठळी व्हायचा धोका. एकाच दिवशी सकाळऐवजी दुपार झाली तर सोडून द्या, पण ‘आधी व्हायरल लोड येऊ दे मग बघू’ असं कुणी म्हणालं तर मात्र ठामपणे कारण विचारा. लिव्हर फंक्शन, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), प्लेटलेट बघणं भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कामाचं आहे, ते तासाभरात होतं. व्हायरल लोडसाठी खुबा थांबवायचं काही कारण नसतं.

आता कायदा. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यात साफ लिहिलंय की समजावून, संमती घेऊन, आधी आणि नंतर समुपदेशन करूनच एचआयव्हीची टेस्ट करायची. सूट आहे ती मोजक्या ठिकाणी, जसं की कोर्टाचा आदेश, रक्तपेढीत जमा झालेलं रक्त, नाव-गाव न जोडता केलेला सर्व्हे, अवयव किंवा ऊती वापरायच्या असतील तेव्हा. ‘ऑपरेशनच्या आधी आमच्याकडं पद्धत आहे’ ही सूट त्या यादीत नाही. टेस्ट केली नाही तर उपचार देणार नाही असं म्हणणं हा त्या कायद्यानं भेदभाव होतो, आणि पॉझिटिव्ह आला म्हणून नाकारणं तर होतोच. ज्या आरोग्य संस्थेत वीस किंवा जास्त लोक काम करतात तिथं तक्रार अधिकारी नेमायला लागतो, वर राज्याचा लोकपाल. तुमच्या वडलांची एचआयव्ही निगेटिव्ह आलीय म्हणून हा मुद्दा संपला असं समजू नका, न विचारता केली हे तेवढंच चुकीचं. पण हा कायदा एचआयव्हीपुरता आहे. हिपॅटायटिससाठी असा वेगळा कायदा नाही, तिथं साधा नियम, कुठलीही तपासणी पेशंटला सांगून करायची आणि रिपोर्ट त्याचा त्याला द्यायचा.

तक्रार करायची का, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर वडील घरी आले की मेडिकल सुपरिटेंडेंटना एक पानाचं पत्र द्या, आरडाओरडा नको. मी आतल्या बाजूला बसलेय म्हणून सांगते, असं एक पत्र आलं की आमच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये सहा महिने रखडलेला विषय त्याच दिवशी पुढं सरकतो.

रिॲक्टिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे, हे आता नीट समजून घ्या. कॅज्युअल्टीतली टेस्ट म्हणजे प्लास्टिकचं कार्ड, त्यावर रक्ताचा थेंब, रेघ किंवा ठिपका उमटला की रिॲक्टिव्ह. ती पकडायला चांगली आहे, सिद्ध करायला नाही. एचआयव्हीचंच उदाहरण घ्या, भारतात मोठ्या माणसांत लागण साधारण ०.२ टक्के. म्हणजे कॅज्युअल्टीत आलेल्या सरसकट १,००० जणांची टेस्ट केली तर खरे बाधित असतील दोन. आणि समजा तुमचं कार्ड इतकं चांगलं आहे की हजार निरोगी माणसांत फक्त पाचच वेळा चुकतं. तरी हातात सात रिॲक्टिव्ह, त्यातले पाच बिचारे निरोगी! म्हणून सरकारी आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या तत्त्वांच्या किटवर तिन्ही वेळा रिॲक्टिव्ह आल्याशिवाय पॉझिटिव्ह असा शब्द कागदावर लिहीत नाहीत. आणि इकडं खासगीत एका कार्डावर फाईलला लाल स्टिकर.

एका ठिकाणी, नाव घेत नाही, काउंटरवरच्या पोरानं रिपोर्टचा गठ्ठा वाटता वाटता एका तरुण माणसाला त्याच्या मेव्हण्यासमोर सांगितलं, “तुमचा एचआयव्ही आलाय, डॉक्टरांना भेटा.” हर्नियाचं ऑपरेशन होतं ओ त्याचं. मेव्हण्यानं तिथनंच फोन लावला, संध्याकाळपर्यंत बायको माहेरी. चौथ्या दिवशी सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, आयसीटीसीत तिन्ही टेस्ट निगेटिव्ह. ते घर नंतर जुळलं, पण कसं जुळलं ते विचारू नका. चूक कार्डाची नव्हती, कार्ड चुकणारच आहे, ते किटच्या डब्यातल्या कागदावर छापलेलंच असतं.

हिपॅटायटिस सी मध्ये अजून एक भानगड आहे. तुमच्या वडलांचं जे रिॲक्टिव्ह आलंय ती अँटिबॉडी आहे, म्हणजे शरीरानं त्या विषाणूला कधीतरी बघितलं होतं एवढाच पुरावा. बाधा झालेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा लोकांच्या अंगातनं विषाणू आपोआप निघून जातो पण अँटिबॉडी जन्मभर राहते. म्हणजे टेस्ट रिॲक्टिव्ह, आणि माणूस ठणठणीत. खरं काय ते एचसीव्ही आरएनए, ज्याला व्हायरल लोड किंवा पीसीआर म्हणतात, त्यावर कळतं.

आणि तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय की १९९६ ला मोटरसायकलच्या अपघातात वडलांना रक्ताच्या तीन बाटल्या लागल्या होत्या. दादा, माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नात हीच ओळ महत्त्वाची. आपल्याकडं रक्तपेढ्यांत एचसीव्हीची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. त्याआधी रक्त चढवलेल्या माणसाला हिपॅटायटिस सी निघाला तर त्यात कुणाचं चारित्र्य बघायचं काही कारण नाही. दुसरी शक्यता इंजेक्शनची. आमच्या लहानपणी गावात डॉक्टरकडं स्टीलचा डबा असायचा, त्यात काचेची सिरिंज आणि दोन-तीन सुया, दिवसभर त्याच उकळून उकळून, गर्दी झाली की न उकळता, आणि लोक पण असे की गोळी दिली तर डॉक्टरला काय येत नाही म्हणायचे, “सुई टोचा की जरा.” त्या सुयांनी किती जणांना काय दिलं असेल ह्याचा हिशोब कुणाकडंच नाही.

इथं माझी खरी पंचाईत होते. कारण ह्या न विचारता केलेल्या टेस्टमुळंच तुमच्या वडलांचं हे कळलं. नाहीतर हा विषाणू वीस-तीस वर्षं काही बोलत नाही, आतल्या आत लिव्हर खात राहतो, आणि पहिल्यांदा कळतं तेव्हा पोटात पाणी झालेलं असतं किंवा रक्ताची उलटी. म्हणून मी टेस्टच्या विरोधात नाही. कॅज्युअल्टी ही उलट टेस्टसाठी चांगली जागा आहे, कारण तिथं असा माणूस येतो जो एरवी दवाखान्याची पायरी चढत नाही, ट्रकचा क्लीनर, इचलकरंजीच्या यंत्रमागावरचा परप्रांतीय पोरगा, सेंट्रिंगचे कामगार, ऊसतोडीवाले. रक्त तर तसंही काढायचंच असतं.

बाहेरच्या देशांत हे ठरवून करतात. अमेरिकेत २००६ मध्येच त्यांच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेनं सांगितलं की १३ ते ६४ वयाच्या सगळ्यांना इमर्जन्सीसकट कुठल्याही दवाखान्यात एचआयव्हीची टेस्ट सुचवा. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून लंडन, मँचेस्टर, ब्रायटन, ब्लॅकपूल अशा लागण जास्त असलेल्या भागात इमर्जन्सीला आलेल्या मोठ्या माणसाचं रक्त कशासाठीही घेतलं तर त्यातच एचआयव्ही, बी आणि सी तपासतात, भिंतीवर मोठी पोस्टरं लावलेली असतात, नको असेल तर सांगा म्हणून. त्यात सगळ्यात जास्त नवे पेशंट सापडले ते हिपॅटायटिस बी चे. पण आपले लोक तिकडचं अर्धंच उचलतात. तिकडं टेस्ट पेशंटसाठी होते, रिॲक्टिव्ह आला की वेगळी टीम फोन करून बोलावते, खात्री करते, उपचाराला जोडून देते. आणि ती टेस्ट ऑपरेशनला घ्यायचं का नाही, किती पैसे लावायचे हे ठरवायला नसते. आपल्याकडं रिपोर्ट फाईलला टाचला की काम संपलं. मी जुन्या फाईल काढून बघितल्यात, एचबीएसएजी रिॲक्टिव्ह, लाल स्टिकर, ऑपरेशन यशस्वी, डिसचार्ज कार्डावर त्याचा एक शब्द नाही. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलाभोवतीच्या सहा जणांना माहीत होतं, फक्त ज्याचं रक्त त्याला माहीत नव्हतं.

आम्ही आमच्याकडं तीन वर्षांपूर्वी एवढंच बदललं, काही फार मोठं नाही. रक्त काढताना एक वाक्य बोलायचं, “काका, रक्त घेतोय त्यात कावीळ बी, सी आणि एचआयव्ही पण बघू का, तुमच्यासाठी चांगलं असतं, नको असेल तर नको, उपचाराला काही फरक पडणार नाही.” अर्ध्या मिनिटाचं वाक्य, पण बहुतेक लोक हो म्हणतात. प्रश्न असतील, किंवा माणूस घाबरला तर ती टेस्ट तिथंच थांबवायची आणि सकाळी आमच्या समुपदेशक मॅडम वॉर्डात जाऊन बोलतात. बेशुद्ध असेल तर आधी जीव, ती टेस्ट शुद्धीवर आल्यावर. स्टिकर बंद. रिॲक्टिव्ह आला तर तो एका माणसानंच सांगायचा, खोलीत, दार लावून, नातेवाईक बाहेर. आणि एका वहीत त्याचा पुढचा माग, खात्रीची टेस्ट झाली का, उपचार चालू झाले का. ती वही माझ्याकडं असते. त्यातनंच मागच्या वर्षी बोट कापलेला एक सुतार सापडला, बी रिॲक्टिव्ह, मग घरातले चौघं तपासले, एका भावाला निघाला, बाकीच्यांना लस. बोटाला चार टाके घालायला आलेला माणूस!

एक गोष्ट राहिली, तुम्ही विचारलेली नाही तरी लिहिते. आम्ही सगळे रक्तातल्या रोगांच्या मागं, आणि जे खरंच कॅज्युअल्टीच्या बाकड्यावर शेजारच्याला लागतं तिकडं कुणाचं लक्ष नाही. एकदा तालमीतला एक पोरगा खांदा निखळून आला. सगळे त्याच्या खांद्याकडं बघतायत, मार्कर ‘क्लिअर’ आले म्हणून सगळे खूश, आणि ते पोरगं अडीच तास खोकतंय. शेजारी नेब्युलायझर लावलेली आज्जी, समोर सात महिन्यांची गरोदर बाई. मी सहज विचारलं किती दिवस झाले रे खोकला, म्हणाला “झाला की महिना-दीड महिना, वजन पण उतरलंय, वस्ताद ओरडतायत.” छातीचा एक्सरे काढला तर वरच्या भागात डाग, थुंकीच्या सीबीनॅट टेस्टमध्ये टीबी. दारातच विचारायचा प्रश्न होता तो, दोन आठवड्यांवर खोकला आहे का, असेल तर मास्क आणि खिडकीजवळची जागा. ह्याला किट लागत नाही, कार्ड लागत नाही. अंगावर पुरळ आणि ताप असलेलं पोर आलं तर त्याला गर्दीत बसवायचं नाही. पावसाळ्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली की ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं दिसलं की पाण्यातनं चालला होता का हे विचारायचं, कारण लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातनं लागणारा ताप. कोविडात आम्ही दारात सगळ्यांना थांबवून विचारत होतो, नाकात काडी घालत होतो, ती सवय दोन वर्षांत पार मोडली. मार्कर मात्र राहिले, त्याचं बिल होतं ना.

बरं, आता वडलांचं. पहिलं ऑपरेशन होऊ द्या. सगळ्या रिपोर्टच्या प्रती मागून घ्या आणि डिसचार्ज कार्डावर एचसीव्ही अँटिबॉडी रिॲक्टिव्ह असं लिहून घ्या, ते लाजायचं नाही, पुढच्या डॉक्टरला उपयोगी. जखम भरली, वॉकर धरून चालायला लागले की एचसीव्ही आरएनए करा. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे, त्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत, दसरा चौकाजवळ सीपीआरमध्ये जाऊन चौकशी करा, मेडिसिनच्या ओपीडीत विचारलं की सांगतील. आरएनए निगेटिव्ह आला तर विषाणू आत्ता अंगात नाही, विषय मिटला. आला पॉझिटिव्ह तर सोनोग्राफी आणि काही रक्त तपासण्या करून लिव्हर किती खराब झालंय बघतात, सिरोसिस (लिव्हर कायमचं कडक होणं) नसेल तर साधारणपणे सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्विर, रोज तोंडानं गोळ्या, १२ आठवडे, आणि दहातले नऊ-साडेनऊ जण पूर्ण बरे. हो, बरे. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं वर्षभर घ्यायला लागायची, केस गळायचे, ताप यायचा, आणि तरी निम्मे बरे व्हायचे नाहीत, ते दिवस गेले. डॉक्टरांना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, विशेषतः हृदयाची अमिओडॅरोन चालू असेल तर आवर्जून, सोफोसबुव्हिरबरोबर ती धोक्याची. बी ची टेस्ट निगेटिव्ह आहे हे पण सांगा, उपचाराआधी ते बघतातच. दारू घेत असतील तर आता कायमची बंद, ह्यात मी कुणाची गय करत नाही.

आईंची एकदा टेस्ट करून घ्या, नवरा-बायकोत पसरायची शक्यता फार कमी असते पण एकदा बघितलेलं बरं. त्यांची निगेटिव्ह आली तर तुमची आणि भावंडांची गरज नाही, हा लागतो रक्तातनं. घरात वेगळं ठेवायचं ते एवढंच, दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश. सलूनमध्ये जात असतील तर तिथल्या पोराला ब्लेड डोळ्यांसमोर नवीन लावायला सांगायचं, ते वडलांनी पण आणि तुम्ही पण. आणि आत्याला जमलं तर रविवारी वडलांच्या शेजारीच जेवायला बसवा, मटणाचा बेत असेल तर ती नाही म्हणणार नाही.